फक्त वाजणारं आणा

बंद पडलेली वस्तू घेऊन मामांकडं जायचं नाही, हे शिरूरपासून चौफुल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. तरी एखादा नवखा यायचाच. गाडीला मागं बांधून आणलेला टेबल फॅन सोडायचा आणि मामांपुढं ठेवायचा. मामा त्याला बोटसुद्धा लावायचे नाहीत.

"काय झालंय?"

"बंद पडलाय, मामा."

"मग मढं माझ्याकडं कशाला आणलंस? वाजत हुता तवा कानात बोळं घातलं हुतं का?"

झालं. माणूस पंखा पुन्हा बांधून गपगुमान चालू लागायचा. शेडच्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलंच होतं, 'फक्त वाजणारं आणा'. वाचता येत असून वाचत नाहीत लोक, त्याला मामा काय करणार!

दुसरा नियम त्याहून अवघड. वस्तू ठेवली की मामा विचारायचे, "कसं वाजतंय?" आणि तो आवाज आपण तोंडानं काढून दाखवायचा. 'खडखड होतंय' असलं मोघम चालायचं नाही. आमच्या दूध डेअरीचे चेअरमन, पांढऱ्या कपड्यांतला दांडगा माणूस, आपल्या कडबाकुट्टीशेजारी उभं राहून "कुर्रर्र टक्, कुर्रर्र टक्" करताना मी या डोळ्यांनी पाहिलेत. मामा त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

"टक् आधी का कुर्र आधी?"

"कुर्र आधी, मामा."

"पुन्यांदा काढा. जरा दमानं."

चेअरमननी पुन्हा काढला. बाकावर बसलेले चारपाच जण टोपीत तोंड घालून हसत होते. मामा मात्र हसले नाहीत. कडबाकुट्टीचा डावा बेअरिंग गेलाय, असं सांगून ते उठले, आणि डावाच गेलेला निघाला.

मामा म्हणजे कुणाचेच मामा नव्हते. रांजणगावच्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात मेंटेनन्सला फिटर म्हणून काढली. काटकुळे, ताठ, अंगात कायम कंपनीचा निळा शर्ट. नोकरी सोडल्यावर त्यांनी खिशावरचं कंपनीचं नाव ब्लेडनं उसवून काढलं होतं, पण तिथला कपडा बाकीच्यापेक्षा जास्त निळा राहिला होता. शर्टाच्या खिशात पेन नसे, दहा-अकराचा पाना असे. लग्नाला जाताना, मयतीला जाताना, देवाला जाताना पाना बरोबर.

मी शाळेत असताना केडगावच्या एका कार्यालयात त्यांना पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं म्हणजे त्यांचे पाय पाहिले. मंगलाष्टकं सुरू होती, अंतरपाट धरलेला, आणि स्टेजखालून दोन पाय बाहेर आलेले. स्टेजची फळी करकरत होती, ते मामांना सहन झालं नाही. मुलीच्या चुलत्याला वाटलं कुणी चोर शिरलाय. त्यानं तंगडी धरून ओढलं तर आतून आवाज आला, "थांब रं, दोन आटं ऱ्हायल्यात!" त्या लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाटाच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात मामांचे पाय आहेत, पांढऱ्या मोज्यांसकट.

तेव्हा त्यांचे कान शाबूत होते. मोटारीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून, मूठ कानाला लावून कुठला बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगायचे, असं कंपनीतले जुने लोक अजून सांगतात. पण दिवसभर पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कान राहतात होय? एका वर्षी तपासणीची गाडी आली. काचेच्या पेटीत बसवून डोक्याला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. मामांनी बटण जवळजवळ दाबलंच नाही. साहेबांनी त्यांना मेंटेनन्सवरून काढून गेटवर पास तपासायला बसवलं. मामांनी चौथ्या दिवशी राजीनामा दिला.

मी एकदा धीर करून त्या तपासणीचं विचारलं होतं. तर उसळले. "त्या पेटीत म्हणं शिट्टी वाजत हुती. मी काय कुत्रं हाय का, शिट्टीला वळायला?"

मग शेड टाकली. लोक वस्तू घेऊन येत, आवाज काढून दाखवत, आणि माघारी 'बहिरा फिटर' म्हणत. आपल्याकडं माणसाचं काम बघत नाहीत, त्याचं काय गेलंय तेवढं बघतात. मला या गोष्टीची आजही चीड येते.

आता माझी सायकल. मी राहू गावची. रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटीला होते, शिरूरमध्ये खोली घेऊन राहायचे. पहिल्या पाळीची बस यायच्या आधी तासभर आणि सुट्टीच्या दिवशी अख्खी सकाळ सायकल. डोंगरातली सायकल, मागंसुद्धा सस्पेन्शन असलेली, पुण्यातल्या एकाची वापरलेली मिळाली होती. साध्या सायकलीचा मागचा भाग फ्रेमला पक्का जोडलेला असतो. हिचा तसा नसतो. बिजागऱ्यांसारखे चार सांधे असतात, दगडावरून गेलं की मागचं चाक वरखाली होतं आणि माणूस शाबूत राहतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्या तिघी राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. तेवीसच्या आतला गट आणि माझं शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही, इतकं सरळ होतं ते.

दसऱ्याला घरी गेले. भावानं ट्रॅक्टरबरोबर सायकलही वॉशिंगला नेऊन प्रेशरच्या पाण्यानं लख्ख धुऊन आणली. आईनं ट्रॅक्टर, विळे, कोयते यांच्या रांगेत तिला उभं केलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. "तुझं हेच हत्यार," म्हणाली. मला भरून आलं. चार दिवसांनी सायकल बोलायला लागली.

एका पायडलला एक. कुईं...इंक्! चढाला लागलं की जास्त. कालव्याच्या रस्त्यानं जाताना शेतातली माणसं मान वर करून बघायची. एका आजीनं तर विचारलं, "अगं, कुत्र्याचं पिलू सापडलंय का चाकात?" वाजणं सोसलं असतं मी. पण वेगात उताराला लागल्यावर खालून काहीतरी रडतंय म्हटल्यावर हात आपोआप ब्रेकवर जातो, आणि ब्रेक दाबून कुणी शर्यत जिंकत नाही.

मग सुरू झाले सल्ले. आपल्याकडं काही वाजलं की दोनच औषधं, तेल सोड नाहीतर आवळ. मी दोन्ही केली. शिरूरच्या गॅरेजवाल्यानं किल्लीला हातभर पाइप घालून चारी सांधे आवळले आणि वरून इंजिन ऑइल ओतलं. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुप्पट वाजायला लागली. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!

शेवटी पुण्याला भारीतल्या दुकानात नेली. तिथल्या मेकॅनिकनं टॉर्च मारून मागच्या सांध्याजवळ एक केसाएवढी रेघ दाखवली. "मॅडम, फ्रेमला क्रॅक आहे. काही आपटलं होतं का?"

"नाही हो."

"ही चालवू नका. उतारावर तुटली तर थेट तोंडावर पडाल. नवीन फ्रेम बघा."

नवीन फ्रेम महिनाभरानं येणार होती. चाचणी आठ दिवसांवर. मी दुकानाबाहेर फुटपाथवर बसून रडले. लाजायचं काय त्यात!

मामांकडं गेले ती रागातच. "कसं वाजतंय?" त्यांनी विचारलं. सगळा राग त्या आवाजात घालून मी भर शेडमध्ये ओरडले, "कुईं...इंक्! कुईं...इंक्!" मामांचा चेहरा उजळला. इतकं सुंदर वाजणारं त्यांच्याकडं बहुतेक बरेच दिवसांत आलं नव्हतं.

"बसल्यावर का उठल्यावर?"

"दोन्ही."

"म्हंजी सीट सुटली. चल, चालीव."

मी अंगणात गोल चालवायला लागले, आणि मामा फ्रेमवर तळहात ठेवून शेजारून पळायला लागले. त्या वयात! दोन फेऱ्या झाल्यावर मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. मग पायडल न मारता नुसती सीट दाबून पाहिली, तरी वाजली. पायडल सुटलं. मामांची ही पद्धत होती. चोर शोधायचा नाही, एकेक साव बाजूला काढायचा.

शेवटी त्यांनी मागच्या सस्पेन्शनचा शॉक काढला, सायकल उलटी बांधली, आणि मला मागचं चाक हातानं वरखाली करायला सांगितलं. स्वतः स्क्रू ड्रायव्हरचं टोक एका सांध्यावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. कानाला नाही, दातांत. डोळे मिटून घेतले.

मामी माझ्या मागंच उभ्या होत्या. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बारीक आवाज आता अजिबात येत न्हाई त्यांना. लोकं तोंडानं काढत्यात तवा व्हटाकडं बघून वळखत्यात. न्हाईतर हे असं, हाडानं. कुणाला बोलू नगंस."

मामा आमच्यापासून दोन पावलांवर होते. त्यांनी मान वळवली नाही. ज्या आवाजानं माझी झोप उडवली होती तो या माणसाला ऐकूच येत नव्हता, आणि माझी मान या माणसाच्या हातात होती.

"तिसरा," मामा दातांतून स्क्रू ड्रायव्हर काढत म्हणाले. "डाव्या अंगाचा. आन् ती पुण्याची रेघ कुठंय?"

मी दाखवली. मामांनी ती जागा पुसली, डिझेलचं बोट फिरवलं, थोडा वेळ थांबले, कोरड्या फडक्यानं चकचकीत पुसली आणि वर शाळेचा खडू चोळला. "चीर आसंल तर डिझेल आत गेलं आसंल. आत गेलेलं भाईर येतंय. खडूवर काळी रेघ उमटंल. च्या पिऊ तवर."

माझा चहा तसाच निवत राहिला. मी त्या पांढऱ्या डागाकडं नजर लावून बसले होते. मामांनी बशीतून चहा निवांत संपवला, मामीला अजून अर्धा मागितला, तोही संपवला. खडू पांढराच राहिला. एक ठिपकासुद्धा उमटला नाही.

"रंगावरचा वरखाडा हाय हा," मामा म्हणाले. "फ्रेम धडधाकट हाय तुजी." मी तिथंच मामींना मिठी मारली.

मग त्यांनी तिसरा सांधा खोलला. निघालेला प्रत्येक भाग मामींच्या पाटावर ओळीनं मांडला आणि शेजारी खडूनं आकडे घातले. शेवटी बेअरिंग बाहेर आला, लालसर चिकट राडा माखलेला. मामांनी तो नाकाशी नेला आणि थबकले. पुन्हा वास घेतला. मग माझ्याकडं बघून विचारलं, "नारळ कुठं फोडला?"

अगं आई गं! ट्रॅक्टरचा नारळ पुढच्या लोखंडी हुकावर फुटतो. सायकलीला तसलं कठीण अंग नाही. म्हणून आईनं जिथं सगळ्यात जाड दिसलं तिथं, बरोबर त्या सांध्यावर, नारळ आपटला होता आणि उरलेलं पाणी भक्तिभावानं सगळीकडं शिंपडलं होतं. प्रेशरच्या पाण्यानं आतलं ग्रीस आधीच धुऊन नेलेलं. त्या कोरड्या जागेत नारळाचं पाणी, कुंकू आणि कालव्याची माती गेली आणि वरून आम्ही सगळ्यांनी मिळून पाइप लावून ते आवळलं. मामा इतके हसले की त्यांना पाटाचा आधार घ्यावा लागला.

मी तिथूनच आईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "माझ्या हातनं झालं का गं?" मामांनी माझा चेहरा पाहिला, फोन काढून घेतला आणि मोठ्यांदा बोलले, "ताई, तुमच्या नारळानं सायकल वाचली! आतलं ग्रीस गेलंच हुतं. गुपचूप झिजून उतारावर अडाकली असती. तुमचा नारळ पडला म्हणून ती वराडली. फुडच्या टायमाला फक्त दगडावर फोडा." पलीकडून आई काय म्हणाली ते त्यांना ऐकू आलं नसणार, पण ते हसत हसत "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

दोन बेअरिंग बदलायचे होते. पुण्याच्या दुकानात फोन केला, तर ते बाहेरून मागवावे लागतील म्हणाले. मामांनी भिंगानं त्यावरचा नंबर वाचला आणि मांडीवर थाप मारली. "अगं, ह्ये आपल्या मोटारीतलंच हाय की!" तासाभरात शिरूरच्या दुकानातून आणले. सांध्यावर किती आवळायचं ते बारीक अक्षरात छापलं होतं. तसला मोजून आवळायचा पाना शेडमध्ये नव्हता. मामांनी शेजारच्या कांदेवाल्याचा टांगून वजन करायचा ताणकाटा मागून आणला, किल्लीवर वीत सोडून खूण केली, तिथं काटा अडकवला आणि बरोबर सहा किलोपर्यंत ओढला. "आवळून आवाज जात नसतुय," गॅरेजवाल्याचं नाव न घेता म्हणाले. "ज्याला जेवढं पायजे तेवढंच धरायचं."

मी अंगणात फेरी मारली. दोन फेऱ्या मारल्या. उठून मारल्या, बसून मारल्या. काही नाही. नुसती चेन फिरल्याची सळसळ. मामा माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. त्यांनी पाना खिशात ठेवला.

तरीसुद्धा चाचणीच्या आदल्या दुपारी माझ्या मनात शंका आली. पुण्याचा मेकॅनिक शिकलेला, दुकान काचेचं. इकडं डिझेल, खडू आणि कांद्याचा ताणकाटा. मी पुन्हा शेडवर गेले. उगाच सायकलीची चेन पुसत बसले. मामांनीच ओळखलं.

"भ्या वाटतंय?"

"व्हय, मामा."

"उद्या मी दगडाच्या उताराला उभा ऱ्हातो. वाटलं तर उतरून चालत ये, मी काय म्हणणार न्हाई." मग सायकलीच्या फ्रेमवर हात ठेवला. "पण फ्रेम तुटली तर लोकं तुला हसणार न्हाईत, पोरी. बहिऱ्या फिटरला हसत्याल. मला म्हाईत हाय ते काय म्हणत्यात. तरी मी सांगतो, बिरेक सोड."

'बहिरा' हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडानं उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर भीती वाटायची सोय राहिली नाही.

यवतच्या वरच्या डोंगरात चाचणी होती. पहिल्या फेरीला मी सहावी होते. चढाला सगळ्या सारख्याच धापा टाकतात, फरक पडतो तो उताराला. दगडांचा तो उतार आला, पुढची मुलगी ब्रेक धरून घसरत चालली होती, बाजूला पन्नासेक माणसं आणि त्यांच्या पुढं निळा शर्ट. मी ब्रेक सोडला. खालून काहीच आवाज आला नाही. मागचं चाक दगडांवर वरखाली होत होतं आणि सायकल अशी मुकाट चालली होती की मला माझाच श्वास ऐकू येत होता. एकीला तिथं गाठलं, पुढच्या फेरीत दोघींना, शेवटच्या फेरीत आणखी एकीला. दुसरी आले. दुसरी! राज्याला निवड झाली. भाऊ नाचत होता, आई फोनवर रडत होती, कुणीतरी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं.

मामा मात्र शेवटच्या रेषेपाशी आलेच नाहीत. मी सायकल ढकलत परत उतारावर गेले. ते तिथंच उभे होते, दगडाजवळ, जागा न सोडता. तिन्ही फेऱ्यांना त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेले होते मी.

"वाजली का?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई, मामा!" मी ओरडून सांगितलं.

त्यांनी मान हलवली, पण समाधान झालं नव्हतं. ज्याची सायकल त्याचं ऐकायचं नाही, असं काहीतरी असावं. ते मागं वळले. तिथं गुराखी होते, दुसऱ्या मुलींचे आईबाप होते, दोन पोलीस होते, मला पुण्याच्या दुकानात भेटलेला तो मेकॅनिकही होता, आपल्या गिऱ्हाइकाची शर्यत बघायला आलेला. मामांनी त्या सगळ्यांनाच विचारलं, "हिची सायकल गेली की न्हाई हितनं? तुमी कानानं धड हाय. सांगा मला. वाजली का?"

लोकांना आधी काही कळेना. मग एक गुराखी म्हणाला, "न्हाई वाजली, आबा."

मामांनी कानामागं हात धरला. "काय?"

"न्हाई वाजली!" आता चारपाच जण म्हणाले. त्यात तो मेकॅनिक होता.

"आरं, बहिरा माणूस हाय मी," मामा सगळ्यांदेखत, छाती काढून म्हणाले. "मोठ्यानं बोला की!"

आणि अख्खा उतार ओरडला, "न्हाई वाजली!"

पलीकडच्या डोंगरावरून तो आवाज माघारी आला. मामांनी कानामागचा हात खाली घेतला.

"आलं," ते म्हणाले. "आता आलं ऐकू."